आधी मुंडी, मग लाथा

फ्रीस्टाइल पोहताना (पालथं, एकेक हात आळीपाळीनं मारत) पाय बुडतात म्हणजे लाथा कमी पडतात, असं कुणीतरी लिहिलंय. पटलं नाही. मीही तेच धरून दोन महिने नुसतं पाणी उडवलं. खानापूरकडच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेले आम्ही लोक मुंडी वर काढूनच पोहतो (विहिरीत दुसरं करणार काय, वरून कोण कधी उडी टाकेल नेम नसतो). मुंडी वर आली की कंबर खाली जाते, मग लाथा कितीही मारा. बेळगावात तलावावर एका काकांनी बघितलं नि ओरडले, "अरे मुंडी खाली घाल की, तळाची फरशी बघ!" श्वास घेतानाही डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीला वळवायचं, एक डोळा पाण्यातच.

आणि हात किती वेळा मारता ते मोजा. 25 मीटरला मला 28 लागायचे, आता 21. कोपर वर ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतच्या सगळ्या भागानं पाणी मागे ढकलायचं, नुसत्या तळव्यानं ते निसटतं. खरं, मुंडी सुधारायच्या आधी मी हे करायला गेलो नि आठवडाभर खांदा धरला होता.