बडोदा ते ऑकलंड: आई-बाबांना सिंगापूरमार्गे पाठवू की दुबईमार्गे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदाच ताईकडे ऑकलंडला जाताहेत. दोघंही सत्तरीपुढचे. आईचे गुडघे धरतात, फार वेळ बसली की पाय सुजतात. आम्ही दांडिया बाजारात राहतो. इथून गाडीनं अहमदाबाद विमानतळापर्यंत नेऊन बसवून द्यायचं ठरलंय.

एजंटनं दोन तिकिटं सुचवलीत. दुबईचं बरंच स्वस्त पडतं, त्यामुळे बाबा त्यावर अडून बसलेत. सिंगापूरच्या तिकिटावर रात्री 11 ला निघून दुसऱ्या दिवशी रात्री 12 ला पोचायचं लिहिलंय. म्हणजे 25 तास! आईला झेपेल का? प्रत्यक्ष विमानात किती तास जातात? कुणी वयस्कर मंडळींना पाठवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद 1:
25 नाही, साडेसतरा तास. जानेवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, तेवढे वजा करा. सिंगापूरपर्यंत साधारण साडेपाच तास, पुढे ऑकलंडपर्यंत दहा, उरलेले दोन चांगी विमानतळावर.

अंतराचं म्हणाल तर अहमदाबाद-सिंगापूर सुमारे 4,150 किमी आणि सिंगापूर-ऑकलंड 8,400. घरात पृथ्वीगोल असेल तर अहमदाबाद ते ऑकलंड दोरा ताणून बाबांना दाखवा, तो सिंगापूरवरूनच जातो. दुबईला मात्र आधी 1,800 किमी उलटं पश्चिमेला जायचं, मग तिथून 14,200 किमी, तेही एका दमात सोळा तास! आईंचे पाय सुजतात ना, मग हा सोळा तासांचा टप्पा टाळाच. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

फक्त दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे बॅगा परस्पर ऑकलंडला जातील. बदलायला दोनच तास आहेत, तेव्हा व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आईंना कडेची सीट घ्या, अधूनमधून उठून चालू द्या. पायांसाठी घट्ट मोजे घालायचे का, ते डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद 2:
वरच्याशी सहमत. परतीला समोरून वारा असतो, त्यामुळे ऑकलंड-सिंगापूर टप्पा जातानापेक्षा जास्त वेळ घेतो, तेही आईंना आधीच सांगा. आणि खाण्याच्या वस्तूंचं बघा. न्यूझीलंडमध्ये त्याबाबत फार कडक आहेत. जाहीर न केलेली वस्तू सापडली तर जागेवर 400 डॉलर दंड!

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दोऱ्याचं बाबांना पटलं, सिंगापूरचं तिकीट काढतेय. पण आईनं ताईसाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेत. ते न्यायचेच नाहीत का?

प्रतिसाद 2:
न्या की, पण फॉर्मवर लिहा आणि डबा वरच ठेवा, विचारलं तर लगेच दाखवता येईल. चालणार नसतील तर ते काढून घेतील, पण जाहीर केलं असेल तर दंड होत नाही.