नोकियाचे फोन मायक्रोसॉफ्टने गिळले, की नोकियानेच वेळेवर हात झटकले?

३ सप्टेंबर २०१३ ला सौदा जाहीर झाला: नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला, ५४४ कोटी युरोंना, पेटंट वापरण्याच्या हक्कांसकट. माझ्या मते नोकिया विकली गेली ती त्याआधी तीन वर्षं. सप्टेंबर २०१० मध्ये स्टीफन एलॉप मायक्रोसॉफ्टमधून थेट नोकियाचे सीईओ झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की आपण समुद्रातल्या पेटलेल्या तेलविहिरीच्या मंचावर उभे आहोत, आणि लगेच मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीशी गाठ बांधली. नोकियाच्या जुन्या सिम्बियन प्रणालीचे फोन तेव्हाही कोट्यवधींनी खपत होते. कंपनीच ज्याला मेलेलं म्हणते तो फोन कोण घेईल? मीगो या नोकियाच्या नव्या प्रणालीवरचा एन९ फोन तर बाजारात यायच्या आधीच निर्वंश ठरला.

असहमत
रोग आधीचा होता. आयफोन २००७ चा. सिम्बियन मुळात बटणांच्या फोनसाठी घडलेली, तिला टचस्क्रीन कधी मानवलीच नाही. राहिला सौदा, तर नोव्हेंबर २०१३ मध्ये ९९ टक्क्यांहून जास्त मतांनी भागधारकांनी तो मंजूर केला. नोकिया नेटवर्कच्या धंद्यावर तगली, पुढे तिने अल्काटेल-ल्युसेंट ही नेटवर्कमधलीच कंपनीही घेतली. मायक्रोसॉफ्टला मात्र जुलै २०१५ मध्ये ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. घास गिळणाऱ्याच्याच घशात अडकला.

आणि कामगार?
भागधारक तगले हो. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने १८,००० जणांची कपात जाहीर केली, त्यातले सुमारे १२,५०० नोकियाकडून आलेले. फिनलंडमधलं सालो हे गाव नोकियावर उभं होतं, तिथलं केंद्रही पुढे बंद झालं. चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवादामुळे सौद्यातून वगळला गेला. मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवत राहिला, ते कंत्राट संपलं आणि १ नोव्हेंबर २०१४ ला उत्पादन थांबलं. एलॉपना जाताना सुमारे २ कोटी ४२ लाख युरो मिळाले, त्यातला ७० टक्के भार मायक्रोसॉफ्टने उचलला. हे मला आजही पचत नाही.

धागाकर्ता
हाच ७० टक्क्यांचा मुद्दा मलाही खुपतो. एलॉप मायक्रोसॉफ्टने पेरलेले होते असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण भागधारकांनी मत दिलं तेव्हा त्यांच्यापुढे दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि ते उरू नये अशी पावलं २०११ मध्ये पडली. अँड्रॉइड घेता आलं असतं.

पुन्हा असहमत
अँड्रॉइडमध्ये सॅमसंग इतरांना डोकं वर काढू देत नव्हती. अँड्रॉइड फोन बनवणारी एचटीसी कशी मागे पडली, आठवा.

धागाकर्ता
मग मीगो तरी जगवायची. त्यावर काम केलेल्यांपैकी काहींनी बाहेर पडून योला ही कंपनी काढली आणि २०१३ मध्ये फोन आणला, तोही नोकियाच्या पैशाच्या अंशभरावर.

पुन्हा असहमत
आणि त्या फोनवर अँड्रॉइडची ॲप चालवायची सोय द्यावी लागली, कारण स्वतःची पुरेशी नव्हती. विंडोज फोनही ह्याच दुखण्याने गेला.