जुन्या कादंबऱ्या वसाहतवादाच्या चष्म्यातून वाचल्या की आजचं राजकारण खरंच कळतं का?

निळी शाई:
माझं उत्तर हो. आणि नुसतं राजकारण कळतं असं नाही, बातमी वाचायची सवयच बदलते.

पॅलेस्टिनी-अमेरिकी समीक्षक एडवर्ड सईदचं 'कल्चर अँड इम्पीरियलिझम' (१९९३) वाचून झाल्यावर मी जेन ऑस्टिनची 'मॅन्सफिल्ड पार्क' परत वाचायला घेतली. १८१४ ची कादंबरी, इंग्लंडमधलं मोठं घर, लग्नं जमतायत मोडतायत, घरातल्या घरात नाटकाच्या तालमी चालल्यात. पण घराचा मालक सर थॉमस बर्ट्रम मधेच उठून कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर जातो आणि बराच काळ तिकडेच अडकतो, कारण तिकडच्या मालमत्तेचं उत्पन्न घटलंय. ती मालमत्ता आपल्याला एकदाही दिसत नाही. त्या काळात अँटिग्वातली मालमत्ता म्हणजे उसाचे मळे आणि मळ्यात राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. ब्रिटनने १८०७ मध्ये बंद केला तो गुलामांचा व्यापार, गुलामी नाही, त्या कायद्याला १८३३ उजाडलं. घरात वाढणारी गरीब भाची फॅनी एका संध्याकाळी सर थॉमसना या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीत एकदम शांतता पसरते. बस, एवढंच. पुढे त्यावर काही नाही.

आता आजचं बघा. १८३३ च्या कायद्याने भरपाई मिळाली ती मालकांना, २ कोटी पौंड. ज्यांना राबवलं त्यांना काहीच नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशोब ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये मिटवला, म्हणजे आज हयात असलेल्या लोकांच्या करातून ते फिटलं. आणि कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये भरपाईचा दहा कलमी आराखडा पुढे केला तेव्हा उत्तर काय, तर इतकं जुनं कशाला उकरताय. मला ती खोली आठवते. पैसा कुठून येतो सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही.

तर्कटी:
थांबा. तो प्रसंग नीट वाचा, कारण या सिद्धांतवाल्यांचं नेमकं इथेच बिनसतं. फॅनीने विचारल्यावर गप्प कोण बसतं? सर थॉमस नाही, त्यांची मुलं. त्यांचा धाकटा मुलगा एडमंड तर फॅनीला सांगतो की तू आणखी विचारायला हवं होतंस, त्यांना बरं वाटलं असतं. आणि फॅनी पुढे का विचारत नाही, तर बाकीची भावंडं रस न घेता बसलीयेत, आपणच उत्सुकता दाखवली तर पुढेपुढे केल्यासारखं दिसेल म्हणून. म्हणजे विषय झाकायला घर गप्प झालं असं पुस्तकात कुठेच नाहीये. आधी निष्कर्ष ठरवायचा आणि मग एक वाक्य उचलून त्यावर टांगायचा, याला वाचन कसं म्हणायचं?

भरपाईबद्दल माझा आक्षेप नाही, उलट मागणी रास्तच आहे. पण ती कळायला ऑस्टिन कशाला पाहिजे? कायदा आहे, आकडे आहेत, नोंदी आहेत. कादंबरीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून तुम्ही तिची कादंबरी म्हणून असलेली किंमत घालवता. पोरं हल्ली पुस्तक न वाचताच सांगतात की तो लेखक साम्राज्यवादी होता, विषय संपला.

निळी शाई:
भावंडं गप्प बसतात हे बरोबर, आणि मला तर ते जास्त भयंकर वाटतं. ज्यांचे कपडे, घोडे, नाच सगळं त्या पैशावर चाललंय त्यांना विषयच कंटाळवाणा वाटतो. कोणी काही लपवत नाहीये, लपवायची गरजच पडत नाहीये. आजही हेच चालतं ना, स्वस्त वस्तू कुठून येते हे कोणी आपल्यापासून लपवलेलं नसतं, आपल्यालाच विचारायचं नसतं. आकडे तुम्ही म्हणता तसे नोंदीत सापडतात पण हे न विचारणं आतून कसं दिसतं ते कादंबरीच दाखवते. आणि पुस्तक फेकून द्या असं सईद कुठेच म्हणत नाही, उलट ऑस्टिन थोर आहे म्हणूनच हे वाचा असं म्हणतो. न वाचता निकाल देणाऱ्या पोरांचा दोष त्याच्या माथी का?

आडवाट:
दोघांनाही एक विचारू का, नेहमी इंग्लंड-फ्रान्सच का? जोसेफ कॉनरॅडचं घ्या. काँगोवरची त्याची 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ मध्ये मासिकात आली, आणि नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने १९७५ च्या भाषणात तिची चिरफाड केली की आख्ख्या गोष्टीत आफ्रिकन माणसाच्या तोंडी जेमतेम दोन जागी वाक्यं आहेत, बाकी तो नुसता ओरडतो, नाचतो नाहीतर मरतो. मला अचेबे पटतो, ते वाचल्यावर पुस्तक पहिल्यासारखं वाचताच येत नाही.

पण कॉनरॅड जन्मला कुठे? १८५७, बेर्दिचिव, आज युक्रेनमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. घर पोलिश. बाप पोलिश स्वातंत्र्याच्या चळवळीत होता म्हणून झारच्या सरकारने आख्ख्या कुटुंबाला हद्दपार केलं, त्या हद्दपारीतच आई गेली आणि अकराव्या वर्षी बापही. म्हणजे साम्राज्याखाली चिरडलं जाणं या माणसाने घरात बघितलेलं आणि तरीही त्याला काँगोतला माणूस पूर्ण माणूस म्हणून दिसला नाही. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि ते एकदम धरूनच वाचायला हवं असं मला वाटतं.

आणि राजकारणाचं म्हणाल तर ३० सप्टेंबर २०२२ चं पुतीनचं भाषण काढून बघा. युक्रेनचे चार प्रांत रशियाला जोडले त्या दिवशीचं. त्यात पाश्चात्त्यांचा वसाहतवाद, गुलामांचा व्यापार, भारत आणि आफ्रिकेची लूट, सगळं आहे. आहे ते खरंच आहे, पण बोलतोय कोण आणि त्याच दिवशी करतोय काय! समुद्र ओलांडून गेलं तर साम्राज्य आणि जमिनीवरून चालत गेलं तर नाही असं मनात धरून बसलो तर हे भाषण ऐकून आपण टाळ्याच वाजवू.

तर्कटी:
माझाच मुद्दा झाला हा. भाषा आता सत्ताधाऱ्यांच्या हातात गेलीये. कुठल्याही देशात निवडणुकीवर, तुरुंगात टाकलेल्या पत्रकारांवर प्रश्न आला की उत्तर ठरलेलं, हा पाश्चात्त्य वसाहतवादी दृष्टिकोन आहे. आणि जे चिरडले जातायत ते त्यांचेच नागरिक असतात.

आणि आपल्या भाषेत तर हे फार आधी सांगून झालंय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, आणि पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना. रोख होता घरातल्या गुलामीवर. सगळ्याला बाहेरचा राज्यकर्ता जबाबदार धरणारा सिद्धांत त्या पुस्तकासमोर टिकत नाही.

मधली ओळ:
फुल्यांबद्दल एकदम सहमत पण मग वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या फ्रांत्झ फॅनॉनलाही न्याय द्या. १९६१ मध्येच त्याने लिहून ठेवलंय की स्वातंत्र्यानंतर देशी उच्चवर्ग गोऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि तेच करतो. म्हणजे घरातल्यांना सोडू नका हे या परंपरेच्या आतूनच आलंय, गैरवापर करणारे ते पान वगळून पुढे जातात.

मी काँगोच्या खाणींबद्दल वाचतो म्हणून हे जास्त जाणवतं. कॉनरॅडच्या गोष्टीत हस्तिदंत, मग बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचं रबर, आज कोबाल्ट, जगातलं निम्म्याहून जास्त तिथून निघतं. पण आज तिथे चिनी कंपन्या आहेत, काँगोचेच पुढारी आहेत, आपल्या खिशातला फोन आहे. गोरा मालक विरुद्ध काळा मजूर एवढ्याच चित्रावर थांबलं तर निम्मी माणसं सुटून जातात.

निळी शाई:
मान्य, आणि म्हणूनच मी न बोलणाऱ्या माणसापासून सुरुवात करते, खलनायकापासून नाही. फ्रेंच लेखक आल्बेर कामूची 'द स्ट्रेंजर' (१९४२) घ्या, फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियात घडणारी. तिचा नायक म्यर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो, पुढे आख्खा खटला चालतो आणि चर्चा कसली, तर हा आईच्या अंत्यसंस्काराला रडला नाही. मेलेल्याला नावसुद्धा नाही. कुठल्याही युद्धाची बातमी उघडा, एका बाजूच्या मृतांचे फोटो, शाळा, आवडीनिवडी, आणि दुसऱ्या बाजूचा फक्त आकडा. कुठली बाजू कुठे बसते ते कुठल्या देशाचं चॅनेल लावलंय त्यावर. हे मला त्या खटल्याने शिकवलं, कुठल्या आकडेवारीने नाही.

तर्कटी:
हे उदाहरण मला पटतं. पण याच्या पुढचंही सांगा ना. २०१३ मध्ये अल्जेरियाच्याच कामेल दाउदने त्या मेलेल्या अरबाला मूसा हे नाव दिलं आणि त्याच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली. तो भाऊ, हारून, १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या एका फ्रेंच माणसाला मारतो. नव्या राजवटीचा अधिकारी त्याला झापतो, पण खुनासाठी नाही. मारायचंच होतं तर स्वातंत्र्याआधी का नाही मारलंस, तेव्हा ते लढ्यात धरलं असतं, असं त्याचं म्हणणं! मेलेला माणूस कोण होता हे तिथेही कोणाच्या गावी नाही. तुमच्या पद्धतीने वाचणारे बरेचजण मूसापर्यंत येऊन थांबतात. त्या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जाणारे मला अजून फारसे भेटले नाहीत.