'तटस्थ' की आणखी काही? दोन्ही टोकं नको म्हणणाऱ्या बाईला एका शब्दात काय म्हणायचं

तिसरीघंटा: एका समुपदेशक बाईंच्या इंग्रजी मुलाखतीचं मराठी करतेय. बाई वीसेक वर्षं नवरा-बायकोची भांडणं ऐकतायत. त्यांचं म्हणणं, ४९८-अ (सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम) पाहिजेच, मारणारा आत गेलाच पाहिजे, पण सुनेच्या तक्रारीत लग्न होऊन कधीच नाशिकला गेलेल्या नणंदेचंही नाव घालायचं हे पटत नाही. 'पुरुष सगळे तसलेच' हे नको आणि 'बायका कायद्याचा फायदाच उठवतात' हेही नको. मी लिहिलं, 'दोन्ही टोकं मला नकोत.' संपादकांनी ते खोडून 'मी तटस्थ आहे' केलं, वर म्हणे सुटसुटीत झालं. मला कसंतरीच झालं पण का ते सांगता येईना. तुम्ही काय लिहाल?

निवृत्त_मास्तर: तट म्हणजे काठ, काठावर उभा तो तटस्थ. नदीत माणूस गटांगळ्या खातोय आणि हा काठावर. तुमच्या बाई तर कंबरभर पाण्यात उतरलेल्या दिसतात, म्हणून खटकलं. 'समतोल' घाला आणि मोकळ्या व्हा.

खारी_बिस्किट: समतोल म्हटलं की मला शाळेतला आहाराचा तक्ता आठवतो सर. समतोल बाई म्हणजे काय, वरण भात भाजी कोशिंबीर? बाकी माझी आज्जी तटस्थ भलत्याच अर्थाने वापरायची, "तिचे दागिने बघून मी तटस्थच झाले" म्हणजे थक्क, बोलतीच बंद.

भाईंदर_स्लो: आणि आमच्या गावाला 'तट पडले' म्हणजे दोन पार्ट्या झाल्या. त्या हिशेबाने तटस्थ म्हणजे कुठल्यातरी तटात असलेला 😀 सरपंचाच्या निवडणुकीत बघा, स्वतःला तटस्थ म्हणवणारा कुणाचा आहे ते शेंबड्या पोराला पण माहीत असतं.

निवृत्त_मास्तर: ओढाताण आहे. पण हसलो.

रोखठोक_७२: एवढं कशाला, कुंपणावर बसलेली म्हणा. एक तर स्त्रीवादी असा नाही तर नसा, हे अधलंमधलं काय.

खारी_बिस्किट: कुंपणावर बसणं इंग्रजीतून आलंय, आपल्याकडे कुंपणापर्यंत फक्त सरडा धावतो. आपलं म्हणजे 'दोन्ही डगरींवर हात' किंवा 'तळ्यात मळ्यात'. पण गंमत बघा, मधे उभं राहणाऱ्यासाठी मराठीत जे जे आहे ते सगळं टोमणाच आहे, चांगल्या अर्थाचं घरगुती काही सापडतच नाही. सुवर्णमध्य आहे पण तो फक्त अग्रलेखात निघतो.

पिंपळपान: मध्यममार्गी? फक्त एक, लोक त्याचा अर्थ 'थोडं हे थोडं ते' असा घेतात. आमच्याकडे वर्षावासात ग्रंथवाचन असायचं तेव्हा वडील दर वेळी अडवून सांगायचे की बुद्धाने चैन आणि देहदंड यांची सरासरी काढली नाही, दोन्ही सोडून तिसरी वाट धरली. तुमच्या बाईंचं तेच चाललंय की. नणंदेचं नाव अर्धं घाला असं थोडंच म्हणतायत त्या.

तिसरीघंटा: हे आवडलं! पण संपादक म्हणतील धार्मिक वाटतं.

रोखठोक_७२: नणंदेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, माझ्या चुलतभावाच्या केसमध्ये म्हाताऱ्या आईला पण चौकीत बसवून ठेवलं होतं. आणि बायका म्हणे अबला.

लिंबाचं_लोणचं: वाईटच झालं ते, पण म्हणूनच तर सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं ना, की ४९८-अ लावलं म्हणून आपोआप अटक नाही, गरज काय ते पोलिसांनी लिहून द्यायचं. कायदा १९८३ चा, आता न्याय संहितेत ८५ कलम झालंय. तेव्हा स्टोव्हच्या भडक्याने नेमक्या सुनाच का जळत होत्या तेही विचारा की घरी.

निवृत्त_मास्तर: शब्दावर या. (तसं जहाल-मवाळ ही जोडी आहे, पण बायकांच्या प्रश्नात ती उलटी फिरते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहाची बारा करायची तर जहाल टिळक विरोधात.)

लिंबाचं_लोणचं: ताराबाई शिंद्यांना काय म्हणाल मग? १८८२ मध्ये पुस्तकाला नावच 'स्त्री पुरुष तुलना'. बायकांवर जे जे दोष ठेवता ते तुमच्यात नाहीत का, असं पानोपान विचारलंय. तराजू हातात आहे पण बाई तटस्थ अजिबात नाही.

भाईंदर_स्लो: मला विचाराल तर 'फेमिनिस्ट आहे पण टोकाची नाही' एवढंच लिहा, लोक असंच बोलतात.

पिंपळपान: तिथेच तर घोळ आहे. 'पण' आला की पुढची बाई घाबरून बोलतेय असं वाटतं. माझी बहीण सासरी दहा वर्षं "मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही हं, पण" असंच सुरू करते, आणि मग जे बोलते ते चोख स्त्रीमुक्तीचंच असतं.

निवृत्त_मास्तर: आणि फेमिनिस्ट कशाला, स्त्रीवादी हा चांगला शब्द असताना?

भाईंदर_स्लो: सर, ट्रेनमध्ये 'स्त्रीवादी' म्हणून बघा, चौथ्या सीटवरचा पण उठून जाईल.

खारी_बिस्किट: अवांतर: तळ्यात मळ्यात मध्ये चुकला की बाद ना? आमच्याकडे चुकलेल्याने राज्य घ्यायचं.

भाईंदर_स्लो: बाद! राज्य घेणं लपाछपीत.

रोखठोक_७२: आमच्या चाळीत पण राज्यच होतं.

तिसरीघंटा: अहो, मजकूर उद्या दहाला द्यायचाय 🙏 तूर्त माझं वाक्य परत घातलंय, 'टोकं' वर अनुस्वार ठेवू की 'टोके' करू? संपादक आता त्यावर अडलेत.

निवृत्त_मास्तर: टोके. लेखी मराठी आहे ना?

खारी_बिस्किट: बाई बोलतायत ना? टोकं!