विषय: पुन्हा ब्रेकर पडला, शनिवारच्या आत सोडवायला हवं

प्रेषक: प्रकाशयोजना

मंडळी,
कालच्या तालमीत तिसऱ्यांदा तेच. तिन्ही हॅलोजन त्याच एक्स्टेन्शन वायरच्या रिळावर, बटण दाबलं आणि खट्. दिवे प्रत्येकी १००० वॅट, २३० व्होल्ट, ब्रेकर १६ अँपिअरचा. एक दिवा घरी आणून मल्टिमीटरने रोध मोजला तर फक्त ३.७ ओहम. २३० भागिले ३.७ म्हणजे एकाच दिव्याला ६२ अँपिअर! दिवे आतून गेलेत का? दुसरे भाड्याने आणायचे तर आजच कळवावं लागेल.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

दिव्यांना काही झालेलं नाही, मीटर तपास. १००० भागिले २३० म्हणजे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५ म्हणजे ५३ ओहम. तीन दिव्यांचे मिळून १३ अँपिअर, १६ च्या आत. हॉलचा ब्रेकरच जुना झालाय, तो बदलून घ्या. आणि आमच्या सॉकेटवर दिव्यांचं काहीही लावायचं नाही, हे मागच्या बैठकीत ठरलंय.

प्रेषक: हॉल बुकिंग

ब्रेकरला कोणीही हात लावणार नाही. १६ च्या जागी २० चा टाकूया असा निरोप मला दोघांकडून आलाय, म्हणून इथेच लिहिते. ब्रेकर दिव्यांसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. तो मोठा केला तर वायर तापत राहील आणि ब्रेकर गप्प बसेल. किल्ली माझ्या सहीने मिळते, जबाबदारीही माझ्यावरच येते.

प्रेषक: काका

ताईंचं अगदी बरोबर. आता दिव्यांचं.
मीटरही ठीक आहे आणि ५३ ओहमही खरे आहेत. ३.७ हा थंड तारेचा रोध, ५३ हा पेटलेल्या तारेचा. टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढत जातो, दिव्याची तार पांढरी होईपर्यंत चौदापट होतो. त्यामुळे व्होल्ट भागिले अँपिअर केलं की मिळतो तो त्या क्षणाचा रोध. दिव्यावर कायमचा छापलेला आकडा तो नव्हे.
तिन्ही थंड दिवे एकदम लावलेत की पहिल्या क्षणी, वायरीचा रोध धरूनही, शंभराच्या वर अँपिअर जातात. बी प्रकारचा १६ चा ब्रेकर तिपटीपासून पाचपटीच्या दरम्यान, म्हणजे ४८ ते ८० अँपिअरला तत्काळ पडतो. तो आपलं काम चोख करतोय. एकेक दिवा लावून पाहिलात का? आणि पाहिलात तर मधे किती वेळ थांबलात?

प्रेषक: सदस्य (वाचनालय)

काका, शाळेत आम्हाला 'रोध' होता, माझ्या भावाच्या पुस्तकात 'प्रतिरोध'. मंडळाच्या सूचनाफलकावर कोणता लिहायचा?
रोधावरून आठवलं. १२० व्होल्टच्या देशात राहायला गेलो तेव्हा २३० व्होल्टची १००० वॅटची इस्त्री सोबत नेली होती. सगळे म्हणाले, निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मी तापेल. ती जेमतेम कोमट व्हायची. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध असं मांडल्यावर उमगलं: रोध तोच, व्होल्टेज निम्मं, म्हणून शक्ती जवळजवळ चौथाई, २७२ वॅट. सदरा काही सरळ झाला नाही.

प्रेषक: काका

दोन्ही शब्द चालतात, मी रोधच लिहीन. इस्त्रीचं गणित बरोबर, कारण तिच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. दिव्याला ते लावू नका.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

मान्य, सुरुवातीचा झटका मी धरलाच नव्हता. पण आमच्या अॅम्प्लिफायरला व्होल्ट गुणिले अँपिअर करून वॅट काढू नका, तिथे पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला काही भागच खरे वॅट असतो. आणि सॉकेट वेगळंच हवं.

प्रेषक: प्रकाशयोजना

आज एकेक करून, मधे पाच सेकंद थांबून लावले. नाही पडला! पण क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा लावून अँपिअर मोजणारं) रिळाच्या केबलवर लावलं तर शून्य दाखवतंय. दिवे तर पेटलेत.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

केबलमधून जाणारी आणि परतणारी धारा एकमेकींना खोडतात. दोन्ही तारा मीटरच्या जबड्यात आल्या की शून्यच दिसणार. जबड्यात एकच तार हवी. केबल सोलायची नाही. माझ्याकडे तारा सुट्या असलेला छोटा जोड आहे, तो घेऊन येतो.

प्रेषक: प्रकाशयोजना

दादा जोड घेऊन आले, खरंच आभार. तिन्ही दिवे मिळून १२.८ अँपिअर. सॉकेटवर २३० व्होल्ट, दिव्यांपाशी २२३. म्हणजे दिव्यांना २८५४ वॅट पोचतात. २२३ भागिले १२.८ म्हणजे तिघांचा मिळून १७.४ ओहम, एकेकाचा ५२. पण मधले ७ व्होल्ट कुठे जातात?

प्रेषक: काका

रिळात. २५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर तांबं, दीड चौरस मिलिमीटर जाडीचं. रोध ०.५७ ओहम. त्यातून १२.८ अँपिअर गेले की सात व्होल्ट उतरतात, आणि सात गुणिले १२.८ म्हणजे ९० वॅट नुसती उष्णता. रीळ पूर्ण उलगडलं तर ती पंचवीस मीटरभर पसरते. गुंडाळलेलं ठेवलं तर सगळी उष्णता आतल्या वेटोळ्यांत साचते आणि वरचं आवरण वितळतं. काल रीळ कसं होतं?

प्रेषक: प्रकाशयोजना

गुंडाळलेलं. हात लावला तेव्हा चांगलंच गरम होतं.

प्रेषक: हॉल बुकिंग

मग ते रीळ आता वापरायचं नाही, आधी ते तपासून घ्या. शनिवारी दोन रिळं, दोन वेगळ्या ब्रेकरवरून, दोन्ही पूर्ण उलगडून भिंतीच्या कडेने. कोणते सॉकेट कोणत्या ब्रेकरवर आहेत ते मी उद्या पाहून कळवते. हीटर २००० वॅटचा आहे, त्यालाच ८.७ अँपिअर लागतात, तो दिव्यांच्या ओळीवर कोणी लावू नये. दुसरं रीळ कोण आणतंय?

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

मी. अडीच चौरस मिलिमीटरचं आहे. तिसरा दिवा त्यावर घ्या. संपल्यावर मात्र थंड होऊ द्या आणि मगच गुंडाळून माझ्याच हातात द्या.