नोटपॅड++ (विंडोज १०): मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात, एक फाइल अगम्य दिसते आणि स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही

कळफलक:

विंडोज १०, नोटपॅड++ आठव्या मालिकेतलं, ६४-बिट. मराठी मजकुराच्या बाबतीत तीन अडचणी आहेत. एकाच कारणाच्या आहेत की वेगवेगळ्या, ते कळत नाही.

पहिली: फक्त इंग्रजी मजकूर असलेली जुनी सेटिंग्जची फाइल उघडून तिच्यात मराठी ओळ टाइप केली, की अक्षराऐवजी थेट प्रश्नचिन्ह उमटतं. त्याच वेळी नव्या टॅबमध्ये मराठी नीट टाइप होतं.

दुसरी: सबटायटलची एक फाइल उघडली की डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, त्यामागे चार टोकं असलेलं छोटं वर्तुळ किंवा येनची खूण, असं पानभर दिसतं. खाली उजवीकडे एन्कोडिंग मात्र यूटीएफ-८ लिहिलेलं आहे.

तिसरी: शेल स्क्रिप्टमध्ये दोन मराठी संदेश घालून ती लिनक्स सर्व्हरवर टाकली, तर "अशी फाइल किंवा फोल्डर नाही" या अर्थाची एरर येते. फाइल तर समोर दिसते आहे.

फॉन्ट बदलून पाहिला, काही फरक नाही. पुन्हा इन्स्टॉल करू का?

बाइटमोजणी:

इन्स्टॉल करू नका, प्रोग्रॅम ठीक आहे. फॉन्टचाही दोष नाही. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर रिकामा चौकोन दिसतो. प्रश्नचिन्ह किंवा लॅटिन अक्षरं दिसली तर प्रश्न एन्कोडिंगचाच, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या बाइटांनी लिहायचं त्या तक्त्याचा. आधी तिन्ही फायलींच्या प्रती बाजूला ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत कंट्रोल+एस दाबू नका.

प्रश्नचिन्हांचं कारण असं. फायलीत निव्वळ इंग्रजी असेल तर अ‍ॅन्सी आणि यूटीएफ-८ या दोन्हींत तिचे बाइट हुबेहूब सारखे असतात. ती कुठली, हे फायलीवरून ठरवताच येत नाही. तुमच्या सध्याच्या सेटिंगमुळे नोटपॅड++ तिला अ‍ॅन्सी मानतं, आणि इंग्रजी विंडोजवर अ‍ॅन्सी म्हणजे विंडोज-१२५२. त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून टाइप केलेलं प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होऊन आत जातं. ते नुसतं तसं दिसत नाही, खरोखरच प्रश्नचिन्ह असतं. म्हणून नंतर एन्कोडिंग कितीही बदललं तरी मूळ अक्षर परत येणार नाही. तेवढा मजकूर नव्यानेच टाइप करावा लागेल.

पुढे असं होऊ नये म्हणून: सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, न्यू डॉक्युमेंट. तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि त्याच्याखालच्या "अप्लाय टू ओपन्ड अ‍ॅन्सी फाइल्स" या चौकटीत खूण करा. मग फाइल बंद करून पुन्हा उघडा, खाली यूटीएफ-८ दिसलं की टाइप करा. त्याच प्रेफरन्सेसच्या यादीत पुढे "ऑटोडिटेक्ट कॅरॅक्टर एन्कोडिंग" आहे, ते बंद करा. छोट्या फायलींत त्याचा अंदाज फार चुकतो आणि भलताच तक्ता लागतो.

दुसरी फाइल वाचवता येईल अशी लक्षणं आहेत. एन्कोडिंग मेनूचे दोन भाग आहेत आणि सगळी गफलत त्यांच्यातला फरक लक्षात न आल्याने होते. वरच्या भागातला पर्याय निवडला की बाइट तेच राहतात, फक्त ते कसे वाचायचे हे बदलतं. खालचे "कन्व्हर्ट टू" वाले पर्याय दिसणारी अक्षरं तशीच ठेवून बाइट बदलतात.

आता तुमची स्थिती. कचरा दिसत असताना खाली अ‍ॅन्सी लिहिलेलं असतं, तर वरच्या भागातलं यूटीएफ-८ निवडून काम झालं असतं. तुमच्याकडे यूटीएफ-८ लिहिलेलं आहे, म्हणजे कोणीतरी ती चुकीच्या वाचनासकट पुन्हा सेव्ह केली आहे आणि कचराच रीतसर यूटीएफ-८ झाला आहे. तो उलटा फिरवायचा:

१. एन्कोडिंग मेनूच्या खालच्या भागातून "कन्व्हर्ट टू अ‍ॅन्सी". स्क्रीनवर कचरा तसाच दिसेल, बाइट मात्र मूळचे होतील.
२. आता वरच्या भागातून "यूटीएफ-८". इथे मराठी दिसायला हवं.
३. शेवटपर्यंत वाचून पाहा, मगच वेगळ्या नावाने सेव्ह करा.

पहिल्याच पायरीला प्रश्नचिन्हं दिसली तर तिथेच थांबा आणि सेव्ह न करता टॅब बंद करा.

खात्री हवी असेल तर रिकाम्या फायलीत फक्त "मराठी" हा शब्द लिहा, शेवटी एंटर देऊ नका आणि प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. शब्दात पाच कोडबिंदू (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडबिंदूला ३ बाइट लागतात, म्हणून १५. बीओएमसकट (फायलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची अदृश्य खूण) १८. यूटीएफ-१६ बीओएमसकट १२. आकार ५ बाइट आला तर आत पाच प्रश्नचिन्हं आहेत, दुसरं काही नाही.

सर्व्हरखोली:

स्क्रिप्टबद्दल. हे दोन कारणांनी होतं आणि एररचे शब्द नीट वाचले तर कुठलं ते कळतं.

एररमध्ये "बॅड इंटरप्रिटर" असेल (बॅश म्हणजे लिनक्सवर आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम; त्याच्या नव्या आवृत्तीत त्याजागी "रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड") तर ओळीचा शेवट विंडोज पद्धतीचा आहे. विंडोजमध्ये ओळीअखेरीस सीआर आणि एलएफ असे दोन बाइट असतात, लिनक्सला एकटा एलएफ हवा. उरलेला सीआर पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला चिकटतो आणि लिनक्स त्या शेपटीसकट नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं. "अशी फाइल नाही" हे तुमच्या स्क्रिप्टबद्दल नसून त्या प्रोग्रॅमबद्दल आहे. उपाय: एडिट, ईओएल कन्व्हर्जन, युनिक्स (एलएफ), मग सेव्ह. सर्व्हरवर डॉस-टू-युनिक्स हे छोटं साधन असेल तर तेही हेच करतं.

एरर "लाइन १" असं म्हणून पहिली ओळच पूर्ण दाखवत असेल, तर फायलीच्या सुरुवातीला बीओएम आहे: ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फायलीचे पहिले दोन बाइट बघतं. तिथे हॅश आणि उद्गारचिन्ह नसेल तर पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) त्याला ओळखताच येत नाही. बॅश मग स्वतःच उरलेली स्क्रिप्ट चालवत सुटतं. हा प्रकार जास्त घातक. पहिल्या ओळीत पायथन किंवा पर्ल लिहिलं असेल तर त्या ओळी बॅशच्या आज्ञा म्हणून चालवल्या जातात. एन्कोडिंग मेनूत "यूटीएफ-८-बीओएम" वर ठिपका दिसला तर "कन्व्हर्ट टू यूटीएफ-८" करा.

पण सरसकट सगळीकडचा बीओएम काढू नका. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची असेल तर बीओएम हवाच. तो नसेल तर एक्सेल तिला अ‍ॅन्सी समजतं आणि तुमच्या सबटायटलसारखाच कचरा दाखवतं. पीएचपी फायलींना मात्र तो अजिबात चालत नाही. "हेडर्स आधीच पाठवले गेले" ही तक्रार बऱ्याचदा त्याच तीन बाइटांमुळे येते.

साध्या नोटपॅडबद्दलही सांगतो, कारण फायली तिथूनही बिघडून येतात. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ते नवी फाइल बीओएमविना यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. त्याआधी न विचारता अ‍ॅन्सी धरायचं. एकट्या एलएफची ओळ त्याला १८०९ पासून कळते.

कळफलक:

"बॅड इंटरप्रिटर" च होतं, ईओएल बदलल्यावर स्क्रिप्ट चालली. सेटिंग्जच्या फायलीतही मराठी टाइप होतं आहे. सबटायटल मात्र अर्धवट सुधारलं. बहुतेक मजकूर वाचता येतो, पण "पुस्तक" सारख्या शब्दांत उकार आणि जोडाक्षराच्या जागी एक्स-ई०, एक्स-ए५ असे काळे ठोकळे आहेत. "झाड" चा झ गेला, "ठीक" चा ठ गेला. बाकी अक्षरं व्यवस्थित कशी राहिली?

बाइटमोजणी:

ही फाइल मधल्या काळात कुठल्यातरी वेब फॉर्ममधून किंवा ऑनलाइन साधनातून गेली आहे. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. विंडोज स्वतः त्या जागी अदृश्य नियंत्रण-चिन्ह ठेवतं, त्यामुळे उलटं रूपांतर करताना बाइट परत मिळतो. पण बरीच साधनं अशी चिन्हं सरळ गाळतात.

हलंताचे तीन बाइट ई०, ए५, ८डी. ऱ्हस्व उकाराचे ई०, ए५, ८१. दोघांचाही तिसरा बाइट नेमका त्या रिकाम्या जागेतला. ए (८एफ), ऐ (९०), झ (९डी) आणि चंद्रबिंदू (८१) यांचंही तसंच, फक्त मधला बाइट ए४. ठ ची गोष्ट जराशी वेगळी: त्याचा तिसरा बाइट ए०, म्हणजे न तुटणारी स्पेस. साधनं तिची साधी स्पेस करून टाकतात.

त्यामुळे ठोकळे बघून पुष्कळ काही ठरवता येतं. ई०-ए४ पुढे स्पेस असेल तर तिथे जवळजवळ नक्कीच ठ होता. ई०-ए५ असेल तर हलंत किंवा उकार. शब्दाच्या शेवटी आला तर बहुधा उकार, दोन व्यंजनांमध्ये दोन्ही शक्य. "पुस्तक" मध्ये प नंतरचा उकार आणि स नंतरचा हलंत, दोन्ही सारखेच दिसतील. म्हणून "रिप्लेस ऑल" करू नका. प्रत्येक जागा वाचूनच भरावी लागेल. मजकूर मोठा असेल तर वेब साधनात जाण्याआधीची प्रत शोधण्यात वेळ घालवलेला परवडतो, कारण तिच्यावर वरच्या तीन पायऱ्या पूर्ण लागू पडतील.

आणखी एक पाहा. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये, सिस्टम लोकेल बदलण्याच्या खिडकीत "बीटा" म्हणून यूटीएफ-८ चा पर्याय आहे. तो चालू असेल तर अ‍ॅन्सी म्हणजेच यूटीएफ-८ होतं आणि ही दुरुस्ती काहीच करत नाही. दुरुस्तीपुरता तो बंद करून संगणक रीस्टार्ट करा.

जोडाक्षर:

ठोकळे भरताना "दुसऱ्या" मधला ऱ्य जपून टाइप करा. तो दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: ऱ, हलंत, य किंवा र, हलंत, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह), य. बघायला दोन्ही सारखेच, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. फाइंडमध्ये रेग्युलर एक्सप्रेशन निवडून उलटी तिरकी रेघ, एक्स आणि महिरपी कंसात २००डी असं दिलं की दुसऱ्या प्रकारच्या सगळ्या जागा मिळतात. र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे असा पूर्ण तुकडा शोधून त्याजागी ऱ आणि हलंत घाला. एकटा झेडडब्ल्यूजे काढलात तर "दुसर्या" उरेल, आणि ते चूक आहे.