मदत हवी आहे: हाडासारखं सच्छिद्र सिरॅमिक हाताळताच चुरतंय

नमस्कार. हायड्रॉक्सीअपॅटाइटचे (हाडातलं मुख्य खनिज) सच्छिद्र तुकडे स्पंज पद्धतीने बनवतेय: पॉलियुरेथेनचा स्पंज स्लरीत (त्याच खनिजाच्या भुकटीचा पातळ लगदा) बुडवून पिळायचा, वाळवायचा, भट्टीत जाळून टाकायचा आणि उरलेला सांगाडा १२५० अंश सेल्सिअसला भाजायचा. छिद्रं सुरेख येतात, ३०० मायक्रॉनच्या वर आणि एकमेकांत उघडणारी; पेशी, रक्तवाहिन्या आत शिरायला तशीच हवीत. पण स्पंज जळाला तिथे सांगाड्याच्या काड्या आतून पोकळ राहतात, कडांना लांबट चिरा पडतात. बोटाने जरा दाबलं की भुगा! ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एकच अंश चढवते, तरी तेच.

स्लरीचा दुसरा हात भाजण्याआधी द्यावा की नंतर? छिद्रं न बुजता कसा द्यायचा? की फ्रीझ कास्टिंगकडेच (स्लरी गोठवून बर्फ काढून टाकायचा, त्याच्या जागी छिद्रं उरतात) वळू? त्यात भिंती सलग मिळतात, पण छिद्रं बरीच अरुंद होतात. प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.